रायगड डाऊन, जिंजी अप!

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या सरांनी दुरुस्त केल्यात, तरी काही राहिल्या असतील तर माफ करा. गेली दोन वर्षं मी मॅगझीनच्या इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिलं. यंदा मराठीत लिहितेय, कारण हा विषय इंग्लिशमध्ये लिहून बघितला आणि जमला नाही. इंग्लिशमध्ये तो नुसता टेक्निकल पेपर होत होता.

सुरुवात एका कबुलीजबाबाने करावी लागेल. मागच्या एप्रिलमधली ती रात्र हॉस्टेलवर कुणी विसरलं नसेल. सबमिशनच्या आदल्या दिवशी आपल्या वाशीमवर अवकाळी पाऊस आला, विजा कडाडल्या आणि लाईट गेली. लॅबच्या सर्व्हरवर साठ जणांचे मिनी प्रोजेक्ट होते. त्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, म्हणजे एक गेला तर दुसरा सांभाळणार. पण दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसमध्ये खोचलेल्या! यूपीएस वीस मिनिटं टिकला आणि मग दोन्ही एकदम गेले. डिस्कही दोन होत्या, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. पण त्यातली एक तीन आठवड्यांपासून मेलेली होती. तिचा पिवळा दिवा रोज चमकत होता आणि आम्ही सगळे त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. लाईट परत आली तेव्हा दुसरी डिस्क उठलीच नाही. बॅकअप? होता ना. रोज रात्री व्हायचा. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये.

आणि दर शुक्रवारी बॅकअपच्या रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करून खाली सही कोण करायचं? मी. स्टुडंट इन-चार्ज म्हणून. त्या बॅकअपमधून एक तरी फाईल परत काढून बघावी, असं मला वर्षभरात एकदाही वाटलं नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं की ही सही कशाची आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुट्टीत कारंज्याला आजीकडे गेले तेव्हाही तेच डोक्यात होतं. एका संध्याकाळी लाईट नव्हती, आम्ही ओसरीवर बसलो होतो. मी आजीला समजेल अशा भाषेत सांगितलं की आमचं एक यंत्र बंद पडलं आणि त्याच्या जागी उभं राहायला दुसरं तयार नव्हतं. आजी म्हणाली की माय, रायगड पडला तेव्हा जिंजी होती म्हणून राज्य वाचलं, तुमच्याकडे जिंजी काऊन नव्हती? मला जिंजी हा शब्दच माहीत नव्हता. आमच्या शाळेच्या इतिहासात शिवाजी महाराज, मग संभाजी महाराज आणि मग एकदम बाजीराव पेशवे. मधल्या छत्रपतींच्या वाट्याला दोन ओळी. आजोबांच्या कपाटातली पुस्तकं काढून, बोटाने ओळ पकडत, महिनाभर वाचलं. त्या दोन ओळींच्या मागचा माणूस तुमच्यासमोर ठेवते.

ज्या वर्षी आमचं कारंजा लुटलं

राजाराम महाराजांचा जन्म 24 फेब्रुवारी 1670 चा, राजगडावरचा. आई सोयराबाई. ते पालथे जन्मले म्हणून लोक घाबरले, पण शिवाजी महाराजांनी त्याचा अर्थ हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालेल असा लावला, अशी एक गोष्ट सांगतात. त्याच 1670 च्या अखेरीस महाराजांच्या फौजा वऱ्हाडात आल्या आणि आमचं कारंजा लुटलं. कारंजा तेव्हा मोठी श्रीमंत पेठ होती. हजारो बैलांवर आणि गाढवांवर लादून लूट नेली म्हणतात. आजी ही गोष्ट अशा अभिमानाने सांगते, जणू लुटणाऱ्यांत आम्हीच होतो!

हा पैसा कुठे गेला ते महत्त्वाचं आहे. त्यातला मोठा भाग किल्ल्यांवर खर्च होत होता. महाराजांचं राज्य एका राजधानीवर उभं नव्हतं, ते किल्ल्यांच्या जाळ्यावर उभं होतं. एक किल्ला गेला तरी शेजारचा लढत राहायचा. किल्ल्याच्या आतही तोच विचार होता. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी, एकाकडे किल्ल्याचा ताबा, दुसऱ्याकडे हिशेब, तिसऱ्याकडे कोठार. एकटा माणूस फितूर झाला तरी किल्ला सहज विकता येऊ नये अशी मांडणी. आपण सिलॅबसमध्ये ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर टाळणं म्हणतो, ते हेच.

आणि 1677 मध्ये त्यांनी एक गोष्ट केली जी तेव्हा फार जणांना कळली नसेल. दक्षिणेच्या मोहिमेत त्यांनी जिंजी घेतली. आजच्या तामिळनाडूतल्या विलुप्पुरम जिल्ह्यात तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. रायगडापासून सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटर. महाराजांनी नुसती जिंजी घेतली नाही, तर तिची तटबंदी पक्की केली आणि तिथे कायमचा कारभार बसवला. दिल्लीची फौज एक दिवस सगळ्या ताकदीनिशी महाराष्ट्रावर येणार, हे त्यांनी ओळखलं असावं. म्हणून दुसरी जागा इतक्या लांब की सह्याद्रीवर कोसळलेलं संकट तिच्यावर त्याच दिवशी कोसळणार नाही.

इथे थोडं गणित करते, आपण इंजिनिअर आहोत. एक सर्व्हर वर्षातले 99 टक्के दिवस चालतो म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद असतो. असेच दोन लावले आणि त्यांचं बंद पडणं एकमेकांवर अवलंबून नसेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. म्हणजे वर्षाला त्रेपन्न मिनिटांच्या आत. किती मोठा फरक! पण सगळी गंमत त्या अटीत आहे. दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसमध्ये असतील तर हे गणित खोटं ठरतं. दोन किल्ले एकाच डोंगरावर असतील तरी खोटं ठरतं.

नऊ वर्षं बाजूला

3 एप्रिल 1680 ला शिवाजी महाराज गेले तेव्हा राजाराम दहा वर्षांचे होते. नुकतंच, मार्चमध्ये, त्यांचं प्रतापराव गुजरांच्या मुलीशी, जानकीबाईंशी लग्न झालं होतं. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. सोयराबाई, अण्णाजी दत्तो आणि काही मंत्र्यांनी त्याच महिन्यात रायगडावर या दहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं. पण सेनापती हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या हाती आला. पुढच्या वर्षी सोयराबाई गेल्या. अण्णाजी दत्तोंना दुसऱ्या कटात हत्तीच्या पायी दिलं गेलं. चिटणीस बाळाजी आवजींनाही तेव्हाच मारलं गेलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संभाजीराजांनी धाकट्या भावाला इजा केली नाही. पण राजाराम नऊ वर्षं रायगडावरच राहिले. मोहिमा नाहीत, स्वाऱ्या नाहीत, कारभार नाही. लग्नं मात्र झाली, हंबीररावांच्या मुलीशी म्हणजे ताराबाईंशी आणि कागलकर घाटग्यांच्या राजसबाईंशी. आपल्या भाषेत हा कोल्ड स्टँडबाय झाला. मशीन खोलीत ठेवलंय, पण त्यावर कधी काही चालवून पाहिलेलं नाही.

मला या नऊ वर्षांबद्दल सगळ्यात जास्त वाचायचं होतं, पण पुस्तकांत सगळ्यात कमी त्याबद्दलच आहे. आईच्या महत्त्वाकांक्षेची शिक्षा भोगणारा एक मुलगा गडावर मोठा होतोय आणि खाली भाऊ औरंगजेबाशी लढतोय. त्याच्या मनात काय चाललं असेल?

आठवडाभरात

1 फेब्रुवारी 1689 ला संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले. ही बातमी रायगडावर पोहोचली तेव्हा पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. राजे सुटतील? औरंगजेब तह करेल? वाट बघत बसायला भरपूर कारणं होती.

पण येसूबाईंनी वाट बघितली नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. गादीवर हक्क त्याचा. कुठल्याही आईने त्यालाच बसवलं असतं, आणि नऊ वर्षांपूर्वी एका आईने तेच केलं होतं. येसूबाईंनी मात्र एकोणीस वर्षांच्या दिराला पुढे केलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं. संभाजीराजांची हत्या 11 मार्चची. म्हणजे मुख्य सर्व्हर पूर्ण जाण्याची वाट न बघता, त्याचा ठोका लागेनासा झाल्याबरोबर, दुसऱ्याकडे कारभार गेला. फेलओव्हर म्हणजे हाच निर्णय. मशीन तर कुणीही विकत आणतं, पण कधी बदलायचं हे ठरवायला कुणीतरी लागतं.

मार्चच्या अखेरीस झुल्फिकारखानाने रायगडाला वेढा घातला. आता सगळे एकाच गडावर होते. राजाराम, येसूबाई, शाहू, मंत्री. परत तोच यूपीएस! इथे येसूबाईंनी दुसरा निर्णय घेतला आणि तो पहिल्यापेक्षाही कठीण होता. राजारामांनी बाहेर पडावं, आपण आणि शाहू गडावरच राहू. सगळे निघाले असते तर गड ओस पडला असता आणि मोगल पाठलागावर लागले असते. गड जितके दिवस लढेल तितके दिवस राजाला पुढे जायला मिळतील.

5 एप्रिल 1689 ला राजाराम रायगडावरून निघाले. आधी प्रतापगड, मग पन्हाळा. नोव्हेंबरच्या सुमारास रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले 1707 मध्ये. येसूबाई परत आल्या 1719 मध्ये. तीस वर्षं!

माझ्या नोट्समध्ये फेलओव्हरच्या आकृतीत एक चौकोन लाल दाखवतात, दुसरा हिरवा आणि मध्ये एक बाण. लाल चौकोनाचं पुढे काय झालं हे आकृतीत नसतं. येसूबाईंबद्दल वाचल्यापासून ती आकृती मला पहिल्यासारखी दिसत नाही.

पन्हाळा ते जिंजी

पन्हाळ्यालाही वेढा पडणार हे दिसू लागलं तेव्हा 26 सप्टेंबरला राजाराम निवडक माणसं घेऊन निघाले. वेष लिंगायत यात्रेकरूंचा. मागे मोगलांच्या तुकड्या. तुंगभद्रेच्या मुलखात ते पकडले जाता जाता वाचले. बिदनूरच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आपल्या राज्यातून जाऊ दिलं, आणि त्याबद्दल औरंगजेबाची फौज स्वतःवर ओढवून घेतली.

बंगळूरजवळचा प्रसंग तर सिनेमासारखा आहे. मुक्कामावर एक नोकर राजारामांचे पाय धूत होता. बघणाऱ्याला शंका आली की साध्या यात्रेकरूची एवढी सेवा कशी? ठाणेदारापर्यंत बातमी गेली. वेळ कमी होता. राजाराम दोघा-तिघांबरोबर वेगळ्या वाटेने निघाले आणि बाकीचे मुद्दाम तिथेच थांबले, यात्रेकरू बनून. त्यांना पकडलं, मारलं, हाल केले. कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी खरेच यात्रेकरू असतील म्हणून सोडून दिलं. त्या थांबणाऱ्यांत खंडो बल्लाळ चिटणीस होते. बाळाजी आवजींचा मुलगा! ज्याच्या वडिलांना याच राज्याने हत्तीच्या पायी दिलं, तो याच राज्यासाठी मार खात होता.

28 ऑक्टोबरला राजाराम वेलूरला पोहोचले. पन्हाळा सोडल्यापासून तेहतीस दिवस. तिथून जिंजी जवळ. तिथेही सगळं सरळ नव्हतं. जिंजीचा कारभार शिवाजी महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक बघायचे, ते नुकतेच वारले होते आणि त्यांची पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजारामांची सावत्र बहीण, किल्ला लगेच सोडायला तयार नव्हती. गडावरच्या माणसांनी मात्र राजाचा पक्ष घेतला आणि दरवाजे उघडले. दुसरी साईट तयार असली तरी ती ऐन वेळी ताबा देईल की नाही हे आधी तपासावं लागतं, ते असं.

दोन्हीकडून चालू

राजाराम जिंजीला बसले म्हणजे महाराष्ट्र सोडून दिला असं नव्हतं. निघण्याआधीच त्यांनी मागची व्यवस्था लावली होती. रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपन्हा हा किताब देऊन महाराष्ट्राचा जवळजवळ सगळा अधिकार दिला. जोडीला शंकराजी नारायण. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. जिंजीला वेगळा दरबार, अष्टप्रधान आणि प्रतिनिधी हे नवं पद, त्यावर प्रल्हाद निराजी. प्रत्येक गोष्टीला जिंजीची परवानगी मागायची नाही. नऊशे किलोमीटरवरून, मधला मुलूख शत्रूचा, पत्र पोहोचायला आठवडे लागायचे. तेव्हा हुकमाची वाट बघत बसलेलं राज्य मेलंच असतं.

औरंगजेबाची अडचण इथे झाली. दोन्ही ठिकाणं चालू होती. रायगड घेतला, राजाला मारलं, वारस कैदेत टाकला, तरी राज्य संपेना. सप्टेंबर 1690 मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला. तो जानेवारी 1698 पर्यंत चालला. सात वर्षांहून जास्त! दिल्लीची इतकी ताकद तिकडे अडकली आणि इकडे संताजी-धनाजी तिचे लचके तोडत होते. 1695 च्या शेवटी संताजींनी दोड्डेरीला कासिमखानाचा पाडाव केला आणि पुढच्या जानेवारीत हिंमतखान मारला गेला.

पैशांची ओढाताण कायमचीच. 1690 मध्ये कडलूरजवळचा किल्ला इंग्रजांना विकला गेला. तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन असा तो सौदा होता. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. आज वाचताना वाईट वाटतं, पण वेढ्यात अडकलेल्या राजाला पगार वाटायचे होते.

जे चुकलं

आता हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर मी परत रजिस्टरमध्ये नुसती खूण केल्यासारखं होईल.

माणसं टिकवायला राजारामांनी वतनं वाटली. शिवाजी महाराज वतनांच्या विरुद्ध होते, कारण वतनदार राजापेक्षा वतनाचा होतो. पण औरंगजेबही वतनं देत होता, मग राजारामांकडे दुसरं काय होतं? झालं असं की सनदा दोन ठिकाणांहून निघत होत्या, आणि एकाच वतनावर दोघा-तिघांचा दावा असे तंटे माजले. दोन सर्व्हरवर एकाच वेळी लिहू दिलं आणि मेळ घालायला कुणी नसेल तर जे होतं, तेच. ते तंटे पुढे पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावे लागले.

दुसरी चूक माणसांतली. संताजी आणि धनाजी यांचं जमेना. संताजी शिस्तीचे कडक, तोंडाने फटकळ. राजारामांना दोघांना सांभाळता आलं नाही, ते धनाजींच्या बाजूला झुकले, आणि 1697 मध्ये संताजींचा खून झाला. नागोजी माने यांनी तो केला. औरंगजेबाला जे जमलं नाही ते घरातल्या भांडणाने केलं.

राजाराम कसे होते? बरेच जण त्यांना सौम्य, थोडे मऊ म्हणतात. असतीलही. पण मला वाटतं, आपल्यापेक्षा कर्तबगार माणसांना मोकळेपणाने अधिकार देणं हे मऊ माणसालाच जास्त जमतं. रामचंद्रपंतांच्या हाती अर्धं राज्य देऊन नऊशे किलोमीटर लांब जाताना त्यांना भीती वाटली नसेल का?

सिंहगड

1697 संपताना जिंजी टिकणार नाही हे दिसत होतं. खंडो बल्लाळांनी मोगलांच्या छावणीतल्या गणोजी शिर्क्यांना वळवलं आणि त्यासाठी स्वतःचं दाभोळचं वतन त्यांना लिहून दिलं, असं सांगतात. राजाराम वेढ्यातून निसटले. जानेवारी 1698 मध्ये झुल्फिकारखान आत शिरला तेव्हा राजा तिथे नव्हता. फेब्रुवारीत राजाराम विशाळगडावर होते. पुढे सातारा राजधानी झाली. रायगड, जिंजी, सातारा. तीन राजधान्या, आणि राज्य तेच.

1699 मध्ये त्यांनी वऱ्हाड-गोंडवनाचा अधिकार परसोजी भोसल्यांना दिला. नागपूरकर भोसल्यांची आपल्या भागातली सत्ता तिथून सुरू होते. त्या वर्षाच्या शेवटी ते स्वतः खानदेश-वऱ्हाडच्या रोखाने मोहिमेला निघाले, पण धावपळीने प्रकृती खचली. मार्च 1700 मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं. वय तीस. कारभार हातात आल्यापासून अकरा वर्षं, आणि त्यातलं एकही स्वस्थ बसून काढलेलं नाही.

परत फेलओव्हर! या वेळी ताराबाई. वय पंचविशीच्या आसपास, मुलगा चार वर्षांचा. त्यांनी पुढची सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं, 1707 मध्ये तो अहमदनगरजवळ मरेपर्यंत.

पण मग जे झालं त्याला आपल्या विषयात वेगळं नाव आहे. औरंगजेब गेल्यावर मोगलांनी शाहूंना सोडलं. जुना मुख्य सर्व्हर परत सुरू झाला आणि नवा चालूच होता. दोघेही स्वतःला खरा छत्रपती मानत होते. स्प्लिट ब्रेन! राजाराम स्वतः आपण शाहूंच्या वतीने राज्य सांभाळतोय असं मानायचे, असं सांगतात. पण परत कसं यायचं याची पक्की व्यवस्था कुठेच नव्हती. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडला शाहू आणि ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि वारणेचा तह होईपर्यंत 1731 उजाडलं. पुढे कसं जायचं हे ठरवणारे खूप असतात. परत कसं यायचं हे आधीच ठरवून ठेवणारे कमी.

आणि आमची लॅब

हे फक्त आमच्या लॅबचं दुखणं नाही. 4 जून 1996 ला एरियान 5 हे युरोपचं रॉकेट उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. त्यात दिशा सांगणाऱ्या यंत्रणा दोन होत्या, पण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच, त्यामुळे एकाच चुकीने दोन्ही गेल्या. आपल्या मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा व्यवहार चार तास बंद पडला, तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाईन होत्या, तरी दोन्हीकडे बिघाड झाला. दुसऱ्या जागेवर काम का हलवलं नाही, असा प्रश्न मग सेबीने विचारला. तो दिवस होता 24 फेब्रुवारी 2021. राजाराम महाराजांचा जन्मदिवस. योगायोग, दुसरं काय!

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी जिंजी. व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणांनी विचारलं की तामिळनाडूतला किल्ला या यादीत कसा? आता तुम्हाला उत्तर देता येईल.

आपल्या लॅबमध्ये आता दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या लाईनवर आहेत. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत जाते. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही मुद्दाम मुख्य सर्व्हर बंद करतो आणि दुसरा उभा राहतो का ते बघतो. पहिल्या वेळी राहिला नाही. पासवर्ड फक्त एका सिनियरला माहीत होता आणि तो इंटर्नशिपला पुण्याला गेला होता. दुसऱ्या वेळी पंचेचाळीस मिनिटं लागली. मागच्या शनिवारी सहा.

त्या साठ जणांपैकी बहुतेकांनी आपापल्या लॅपटॉपवरून, मेलमधून जुळवाजुळव करून प्रोजेक्ट परत उभे केले. अकरा जणांना ते जमलं नाही, त्यांना सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं. त्यांच्यातली एक माझी रूममेट आहे. ती मला काहीच बोलली नाही, उलट रात्री जागून तिचं टायपिंग करायला मला बसू दिलं. या लेखातून मी तिची आणि बाकी दहा जणांची जाहीर माफी मागते.

रजिस्टर अजून माझ्याकडेच आहे. सरांनी काढून घेतलं नाही. आता मी सही करायच्या आधी बॅकअपमधली एक फाईल परत उघडते, वाचते आणि तिचं नाव सहीच्या बाजूला लिहिते. ज्युनियर्स हसतात. हसू देत. पुढच्या वर्षी मी नसेन, म्हणून त्यांच्यातल्या दोघींना आत्तापासून शिकवतेय. दोघींना, एकीला नाही!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी